प्रस्तावना : एक काम होतं तुमच्याकडं

स्पॅनिश शिकून पहिल्यांदा परदेशी गेलेला मराठी विद्यार्थी कॉफीच्या दुकानात शिरतो आणि म्हणतो, ‘प्वेदो तेनेर उन काफे?’ शब्द सगळे खरे, व्याकरण बिनचूक, उच्चारही बरा. तरी काउंटरमागची बाई क्षणभर थबकते. तिच्या कानाला ते ‘माझ्याजवळ एक कॉफी असू शकते का?’ असलं काहीतरी वाटतं. विद्यार्थ्यानं मनात इंग्रजी वाक्य जुळवलेलं असतं आणि त्यातला एकेक शब्द बदलून ठेवलेला असतो. हाच मुलगा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या एसटी स्टँडवर ‘आण्णा, एक चहा द्या की’ म्हणून मोकळा झाला असता. गंमत अशी, की माद्रिदचा माणूसही जवळपास तसंच बोलतो: ‘मे पोने उन काफे?’ मला एक कॉफी देता? साधा वर्तमानकाळ, शेवटी आवाजाला जरा चढ, झालं काम.

या पुस्तिकेला सांगायचं आहे ते एवढंच, की मराठी माणसानं स्पॅनिशमध्ये मागायला शिकताना इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नये. आपल्या बोलीत मागण्याची, विचारण्याची, आत येऊ का म्हणण्याची जी रीत आहे, ती स्पॅनिशला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहे. आपल्याकडं स्पॅनिशची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून येतात, शिकवणारेही इंग्रजीतून समजावतात, त्यामुळं ही जवळीक विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही.

व्याकरणाचा सगळा पसारा सोडून विनंती आणि परवानगी हे दोनच प्रसंग का धरले, असं कोणी विचारेल. परक्या गावात पहिल्या दिवशी माणसाला मत मांडायचं नसतं, काहीतरी मागायचं असतं. पाणी, पत्ता, सुटे पैसे, टेकायला जागा. आटपाडी, खानापूर, विटा या भागातल्या गलाईवाल्यांना हे सांगायला नको. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही माणसं दुष्काळी मुलखातून निघाली आणि देशभरच्या सराफबाजारांत पसरली. तमिळ म्हणा, मल्याळम म्हणा, त्यांनी ती वर्गात बसून शिकली नाही. गिऱ्हाइकाला ‘बसा’ कसं म्हणायचं, शेजारच्या दुकानदाराकडं मिनिटभर काही कसं मागायचं, भाडं दोन दिवसांनी देतो हे घरमालकाला कुठल्या सुरात सांगायचं, इथून त्यांची परभाषा सुरू होते. पुस्तकं लिहिणारे उलटं करतात. आधी रंग, फळं, आठवड्याचे वार, आणि मागणं मात्र दहाव्या पाठात.

म्हसवडात स्पॅनिश कोणाला लागते, हाही प्रश्न रास्त आहे. आज फारशी कोणाला नाही. पण वीस देशांची ती राजभाषा आहे, आणि माण तालुक्यातली मुलं आता पुण्या-मुंबईवर थांबत नाहीत. बिल्बाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हनं २०१३मध्ये महिंद्राच्या सुट्या भागांच्या धंद्याशी हातमिळवणी केली, तेव्हापासून चाकणच्या पट्ट्यातल्या कारखानदारीला स्पेन हे नाव अनोळखी राहिलेलं नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात. दिल्लीत २००९पासून स्पेन सरकारच्या सेर्व्हांतेस संस्थेचं केंद्र आहे. शिकायचं म्हटलं तर सोयी आहेत. अडचण येते ती बोलताना.

आता आमच्या बोलीबद्दल. सातारा-सांगलीकडची भाषा रांगडी, तिला आर्जव कसला, असा एक समज शहरात आहे. पुरावा म्हणून सांगतात, की ही माणसं ‘कृपया’ म्हणत नाहीत. खरंच म्हणत नाहीत. म्हसवडच्या पेठेत दिवसभर उभं राहिलं तरी हा शब्द कानावर पडायचा नाही. तो रेल्वेच्या घोषणेत आणि सरकारी फलकावर राहतो. पुणेरी पाट्यांवर मात्र तो ठिकठिकाणी सापडतो, आणि त्या पाट्या किती मऊ असतात हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सौजन्य एका शब्दात ठेवलं, की त्याचं असं होतं.

माणदेशी माणूस सौजन्य ठेवतो ते क्रियापदात, नात्यात आणि वाक्याच्या टोकाला. ‘दे’चं ‘द्या’ होतं. पुढं ‘जरा’ लागतो, मागं ‘की’. अनोळखी बाई असली तर ‘मावशी’, बरोबरीची असली तर ‘ताई’, पागोट्याचा म्हातारा असला तर ‘आबा’ नाहीतर ‘नाना’. ‘मावशी, जरा सरकता का?’ या तीन-चार शब्दांत तीन ठिकाणी मान दिला गेलेला असतो आणि ‘कृपया’ची जागाच उरलेली नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) या पुस्तकांतली माणसं अशीच बोलतात. बनगरवाडीत पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो. त्याच्या हातात सरकारी नेमणूक असते, पण नुसत्या नेमणुकीनं तिथं काही हलत नाही. कारभाऱ्याला विचारून, एकेका माणसाला राजी करूनच त्याला पुढं जावं लागतं. आजही ही बोली ऐकायची असेल, तर म्हसवडमधून २००८पासून चालणारा ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ लावावा.

आता स्पॅनिशकडं वळू. तिथं ‘कृपया’ला शब्द आहे, ‘पोर फावोर’. तो शिकावाच. पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नये. स्पॅनिश सौजन्याचा बराचसा भार तिथंही क्रियापदावर आहे.

सर्वांत आधी काळ बघा. आपल्याकडं मागणारा माणूस वाक्य भूतकाळात ढकलतो. ‘एक काम होतं तुमच्याकडं.’ काम आत्ता आहे, माणूस आत्ता दारात उभा आहे, तरी ‘होतं’. ‘जरा विचारायचं होतं.’ ‘कर्जाचा अर्ज द्यायचा होता.’ यामुळं समोरच्यावर दाब येत नाही. त्याला नाही म्हणायची फट राहते आणि आपल्याला माघार घ्यायची. स्पॅनिश माणूस हेच करतो. ‘केरीया पेदिर्ले उन फावोर’, म्हणजे ‘तुमच्याकडं एक काम मागायचं होतं’. स्पेनमधल्या भाजीवाल्यापुढं उभी असलेली बाई ‘केरीया उन किलो दे तोमातेस’ म्हणते. टोमॅटो तिला आत्ताच हवे असतात. याच्याही पुढची पायरी ‘किसिएरा’, अधिक अदबीची. वर्गात हे दोन शब्द ‘अपूर्ण भूतकाळ’ आणि ‘भूतकाळी विध्यर्थ’ अशा नावांनी फळ्यावर येतात आणि मुलं घाबरतात. ‘काम होतं’ एवढं आठवलं, तर घाबरायचं कारण राहत नाही.

दुसरी गोष्ट आज्ञेची, आणि मला वाटतं या पुस्तिकेतली सर्वांत मोलाची. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’नं (१९११) घालून दिलेली शिस्त शाळेच्या पुस्तकांपर्यंत उतरली आहे, त्यामुळं आज्ञार्थ आणि विध्यर्थ ही नावं आपल्याला सातवी-आठवीपासून माहीत असतात. ‘ये’ हा आज्ञार्थ, ‘यावं’ हा विध्यर्थ. मानाच्या माणसाला बोलावताना आपण आज्ञार्थ बाजूला ठेवतो आणि विध्यर्थ घेतो: आपण यावं, बसावं, दोन घास घ्यावेत. लग्नपत्रिकेत तर दुसरं रूप चालतच नाही. ‘उपस्थित राहावे’ असंच छापतात. स्पॅनिशमध्ये अगदी हीच वाटणी आहे. जवळच्याला आत बोलावताना ‘पासा’, मानाच्या माणसाला ‘पासे’. यातलं ‘पासा’ हे खरं आज्ञार्थी रूप आहे. ‘पासे’ हे विध्यर्थातून उसनं आणलेलं आहे. ‘बस’ला ‘स्येंताते’ आणि ‘बसावं’ला ‘स्येंतेसे’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा विध्यर्थ वर्ष-दोन वर्षं छळतो, कारण त्याच्या भाषेत त्याचा जवळजवळ मागमूस उरलेला नाही. मराठी मुलाला तो घरच्या पत्रिकेवर सापडतो. हे त्याला कोणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

तिसरं, नकार. ‘सुटे नसतील का हो तुमच्याकडं?’ असं आपण विचारतो, ते सुटे नाहीत असं वाटतं म्हणून नव्हे. नकाराची तयारी आपणच आधी करून ठेवतो, म्हणजे समोरच्याला अवघडायला होत नाही. स्पॅनिशमध्ये, ‘नो तेंद्रा कांब्यो?’ नकारही तोच आणि क्रियापदाचा भविष्यकाळही तोच; ‘नसतील’मधला अंदाजाचा सूर त्या ‘तेंद्रा’त जसाच्या तसा आहे. ‘पोद्रीया’ हे संकेतार्थी रूपही शिकावं. अनोळखी माणसाला किंवा कचेरीत ते शोभतं. मात्र ‘तुम्ही मला सांगू शकाल का’ हे वाक्य आपण जेवढं टीव्हीवरच्या मुलाखतीत ऐकतो तेवढं पेठेत ऐकत नाही, आणि ‘पोद्रीया’चंही थोडंफार तसंच आहे. पाव घेताना कोणी रोज ‘पोद्रीया’ म्हणत नाही.

मागितलेली वस्तू लहान करून दाखवण्याची खोडही दोन्हीकडं आहे. आपण मिनिटभर थांबा म्हणतो, एवढंसं काम आहे म्हणतो. मेक्सिकोत मिनिटाचं ‘मोमेंतितो’ होतं, कॉफीची ‘काफेसितो’ होते, आणि ‘आत्ता’चं ‘आओरिता’ होतं. या ‘आओरिता’वर विसंबून कोणी बसू नये. तो ‘आत्ता येतो’ पाच मिनिटांचाही असतो आणि संध्याकाळचाही. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

सर्वनामांचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्याला पुस्तिकेत सर्वांत मोठी जागा दिली आहे. स्पॅनिशचा ‘तू’ म्हणजे आपला ‘तू’च, दोन्ही एकाच प्राचीन मुळाचे. मानाचं सर्वनाम ‘उस्तेद’. ते ‘व्वेस्त्रा मेर्सेद’ या पदवीवजा संबोधनाचं झिजलेलं रूप आहे. अर्थ साधारण ‘आपली कृपा’. सेर्व्हांतेसच्या ‘दोन किखोते’त (पहिला भाग १६०५) सांचो आपल्या धन्याला याच संबोधनानं बोलतो. पदवीला उद्देशून बोलायचं म्हटल्यावर क्रियापद तृतीय पुरुषी आलं, आणि संबोधन झिजून ‘उस्तेद’ झालं तरी क्रियापद तिथंच राहिलं. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना तिसऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचं, हे इंग्रजीवाल्याला चमत्कारिक वाटतं. आपण ‘साहेबांनी बसावं’, ‘पाव्हण्यांनी हात धुऊन घ्यावेत’ असं पाहुण्याच्या तोंडावर म्हणत आलो आहोत.

पण कोणाला ‘तू’ आणि कोणाला ‘उस्तेद’, हे देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये आज दुकानदार, वेटर, बरोबरीचा अनोळखी माणूस, सगळ्यांना सहज ‘तू’ होतं. तिशीतल्या माणसाला ‘उस्तेद’ म्हटलं, तर आपल्याला म्हातारं ठरवलं असं त्याला वाटू शकतं. अनेक माणसांना उद्देशून बोलताना स्पेनमध्ये जवळच्यांसाठी ‘बोसोत्रोस’ आहे. अमेरिका खंडात तो नाहीच, तिथं घरच्या पोरांनाही ‘उस्तेदेस’. अर्जेंटिनात ‘तू’ला फाटा देऊन ‘बोस’ म्हणतात आणि क्रियापदही निराळं लावतात. कोलंबियाची तऱ्हा आणखी न्यारी. बोगोताच्या बाजूला भाऊ-भाऊ, मित्र-मित्र, नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणताना सापडतात, आणि बोयाकाच्या डोंगराळ भागात ‘सुमेर्से’ हे जुनं लाडिक-अदबीचं संबोधन अजून नांदतं आहे. बाहेरच्याला हा गोंधळ वाटेल. पण आपल्याकडं तरी नियम कुठं सरळ आहे? आईला ‘तू’, वडिलांना एका घरात ‘तुम्ही’ आणि शेजारच्या घरात ‘तू’. तालुक्याच्या साहेबाला ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस ग्रामदैवत सिद्धनाथापुढं उभा राहिला, की त्याला ‘तू’ म्हणतो. ख्रिस्ती प्रार्थनेत स्पॅनिश माणूसही देवाला ‘तू’च म्हणतो. जवळीक आणि मान यांचा हा उभा-आडवा धागा ज्याच्या कानात आहे, त्याला ‘उस्तेद’चे नियम पाठ करावे लागत नाहीत, नुसतं लक्ष देऊन ऐकावं लागतं. अडलं तर सोपा तोडगा: लॅटिन अमेरिकेत ‘उस्तेद’नं सुरुवात करावी, आणि समोरचा ‘तू’वर आला की आपणही यावं.

परवानगीचा भाग मी दारापासून सुरू केला आहे. माणदेशातल्या घराला कडी वाजवायची रीत फार जुनी नसावी. अंगणातूनच ‘हाय का कोण घरात?’ अशी हाक जाते. उत्तर येतं, ‘या, या’. स्पेनमध्ये उघड्या दारात उभं राहून माणूस म्हणतो, ‘से प्वेदे?’ यात ‘मी’ नाही, ‘तुम्ही’ नाही. चालतंय का, एवढंच. आतून उत्तर येतं, ‘पासा, पासा’. एकदाच म्हटलेलं ‘पासा’ तिथं कोरडं वाटतं, जसं पाहुण्याला एकदाच म्हटलेलं ‘बसा’ आपल्याकडं वाटतं. परवानगी देताना क्रियापद दोनदा म्हणायचं, ही रीत स्पेनच्या बोलण्यात इतकी पक्की आहे, की परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या पुस्तकांत ती मुद्दाम शिकवतात. मराठी विद्यार्थ्याला ती शिकवण्यात वेळ घालवू नये. ‘घ्या, घ्या’, ‘बसा, बसा’, ‘चालू द्या, चालू द्या’ यावर तो लहानाचा मोठा झालेला आहे.

बाकावर जागा आहे का बघताना ‘एस्ता ओकुपादो?’ म्हणजे ‘कोण बसलंय का इथं?’ शेजाऱ्याला खिडकी उघडण्याबद्दल विचारताना ‘ले इम्पोर्ता सि आब्रो ला व्हेंताना?’ इथं एक गोम आहे. प्रश्न ‘तुमची हरकत आहे का’ असा असल्यानं ‘नो’ हे उत्तर म्हणजे परवानगी. आपण ‘हरकत नाही ना?’ विचारतो आणि समोरचा ‘नाही, नाही, उघडा’ म्हणतो, तेव्हा आपल्याला कधी गोंधळायला होत नाही. इथंही होऊ नये. परवानगीचं सर्वांत दिलदार उत्तर ‘कोमो नो!’ म्हणजे ‘का नाही!’ त्यातला सूर आमच्या ‘घ्या की, त्यात इचारायचं काय’ या वाक्यात पुरता उतरतो.

गर्दीतून वाट काढताना, दोन बोलणाऱ्यांच्या मधून जाताना आणि जेवणाच्या टेबलावरून आधी उठताना ‘कोन पेर्मिसो’ म्हणतात. मेक्सिकोत तर अनोळखी माणसांच्या टेबलाजवळून जाताना ‘प्रोव्हेचो’ म्हणायची पद्धत आहे. पंगतीत वाढणारा ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, त्याच जातीचं हे बोलणं. त्याच मेक्सिकोत मोठ्यांनी हाक मारली, की पोरगं ‘मांदे?’ म्हणजे ‘आज्ञा करा’ असं म्हणतं. काही शिकलेल्या मेक्सिकन लोकांना त्यात जुन्या गुलामगिरीचा वास येतो आणि ते मुलांना तसं बोलू देत नाहीत. हा वाद त्यांचा आहे. आपण अर्थ समजून घ्यावा आणि वापरायची घाई करू नये.

लेखी विनंतीवर एक छोटं प्रकरण आहे. जुन्या मराठी पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ असायचं, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. जुन्या स्पॅनिश पत्राच्या शेवटी चार आद्याक्षरं असायची, अर्थ ‘आपल्या हाताचं चुंबन घेणारा’. आणि तीन सकार असायचे, ‘आपला खात्रीचा सेवक’. दोन्ही समाजांनी नम्रता इतक्यांदा लिहिली, की शेवटी तिची आद्याक्षरंच उरली. ती आता गेली. कचेरीचा अर्ज मात्र राहिला. स्पेनच्या सरकारी कचेरीत द्यायच्या अर्जाचे ठरलेले दोन भाग असतात. पहिल्याच्या माथ्यावर ‘एक्स्पोने’, म्हणजे अर्जदार आपली हकीकत मांडतो. दुसऱ्याच्या माथ्यावर ‘सोलिसिता’, म्हणजे तो मागणी करतो. तलाठी कार्यालयात ‘कारणे अर्ज करतो की’ पासून ‘मंजूर व्हावा ही विनंती’ पर्यंत ज्यानं कागद लिहिले आहेत, त्याला हा साचा पाहताच ओळखू येईल.

अर्जाचा विषय निघाला आणि म्हसवड म्हटलं, की एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माणदेशी महिला बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी ती जाहीर व्यासपीठांवर अनेकदा सांगितली आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजची थोडी शिल्लक ठेवायची होती. एवढ्या लहान रकमेचं खातं कोणी उघडेना. तेव्हा बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडं परवान्यासाठी अर्ज गेला. त्यावर काही बायकांचे अंगठे होते, आणि संस्थापक निरक्षर आहेत म्हणून तो परत आला. बायका रडत बसल्या नाहीत. लिहावाचायला शिकल्या आणि पुन्हा त्याच कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, की कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. परवाना मिळाला. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक म्हसवडात सुरू झाली.

मागणारा माणूस खाली वाकलाच पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही हकीकत पुन्हा वाचावी. त्या बायकांची मागणी अदबीची होती आणि ताठ कण्याचीही होती. स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांत मला उलट प्रकार दिसतो. एका वाक्यात दोनदा ‘पोर फावोर’, वर ‘पोद्रीया’, वर ‘दिस्कुल्पे’, आणि मागणी काय तर पाण्याचा पेला. समोरचा माणूस अशानं अवघडतो. पाणी मागायला ‘मे दा उन वासो दे आग्वा, पोर फावोर?’ भरपूर झालं.

आता मराठी कान कुठं दगा देतो तेही सांगतो. पहिलं, नात्याची हाक. मावशी, दादा, मामा यांचं थेट भाषांतर करून वेटरला किंवा बस ड्रायव्हरला हाक मारू नये. मेक्सिकोत वेटरला ‘खोव्हेन’ म्हणतात, मग तो साठीचा का असेना. इतरत्र ‘दिस्कुल्पे’ किंवा स्पेनमध्ये ‘पेर्दोना’ म्हणून लक्ष वेधावं. दुसरं, आभार. घरच्या माणसाचे आभार मानले तर आपल्याकडं तो परका झाल्यासारखा वाटतो. पाणी दिलं म्हणून कोणी वहिनीला धन्यवाद म्हणत नाही. स्पॅनिश घरात ‘ग्रासियास’ सहज म्हणतात आणि तुमच्याकडूनही त्याची अपेक्षा असते. गप्प राहिलात तर तुम्ही रागावला आहात असं वाटेल. तिसरं, शब्दांचे अपघात. ‘घेणे’ या अर्थाचं ‘कोखेर’ हे क्रियापद स्पेनमध्ये दिवसातून दहादा वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे. तिकडं ‘तोमार’ किंवा ‘आगार्रार’ वापरावं. आणि कोलंबियात कोणी दुकानात ‘मे रेगाला उन तिंतो?’ म्हणालं, शब्दशः ‘मला एक काळी कॉफी भेट देता?’, तर तो फुकट मागतोय असं समजू नये. पैसे देऊनच तो ती पिणार असतो.

पुस्तिका तीन भागांत आहे: दुकान आणि प्रवास, घर आणि शेजार, कचेरी आणि अर्ज. प्रत्येक प्रसंगाला आधी माणदेशी वाक्य, मग स्पॅनिश, मग त्याचं क्रियापद कुठल्या अर्थाचं आणि कुठल्या काळाचं, असा क्रम ठेवला आहे. इंग्रजी मुद्दामच ठेवलेली नाही. उच्चार देवनागरीत दिले असून ते लॅटिन अमेरिकेच्या वळणाचे आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘ग्रासियास’चं ‘ग्राथियास’ होतं. स्पॅनिशमध्ये ‘ब’ आणि ‘व्ह’ हे वेगळे आवाज नाहीत, तेव्हा मी लिहिलेल्या ‘व्ह’वर फार जोर देऊ नये. ‘ट’, ‘ड’ नाहीत, ‘त’, ‘द’ आहेत. इथं तरी मराठी तोंडाला इंग्रजाहून कमी कष्ट आहेत. देवनागरी हा केवळ आधार आहे. वाक्य मोठ्यानं म्हणावं, आणि जमेल तिथं स्पॅनिश रेडिओ किंवा चित्रपट ऐकून स्वतःचा उच्चार दुरुस्त करून घ्यावा.

स्पेन, मेक्सिको, कोलंबिया आणि अर्जेंटिना या चार देशांपलीकडच्या रीतींना या आवृत्तीत जागा देता आलेली नाही. पेरू, चिली, क्युबा किंवा इतर कुठल्याही स्पॅनिशभाषक देशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिकडं दारात, दुकानात आणि कचेरीत लोक नेमके कसे मागतात, हे वाक्यांसह लिहून पाठवावं. पुढच्या आवृत्तीत ती वाक्यं घेता येतील.